पोत्याच्या टाक्याची चोळी

कळस गावात फुलाबाईच्या तोंडाला सगळे भीत. तोंडाचा पट्टा एकदा सुटला की समोर माणूस आहे, बैल आहे की वांग्यावरची अळी आहे, हे ती बघत नसे. गावच्या बायका तिच्या नवऱ्याची कीव करायच्या. "कुंडलिक म्हंजी गरीब गाय, आन् ही बघा," म्हणायच्या. आता ह्या बायकांनी कुंडलिकबरोबर आठ दिवस संसार करून दाखवावा. भांडकुदळ नवरा परवडला. त्याच्याशी भांडून मोकळं तरी होता येतं. हा गडी भांडायचाच नाही. तुम्ही घसा कोरडा होईस्तवर बोला, तो शांतपणे "बरं" म्हणायचा, आणि मग त्याला जे करायचं तेच करायचा. फुलाबाईचं निम्मं रक्त आटलं होतं ते ह्या "बरं"पायी.

एरवी कुंडलिक कामाला वाघ होता. कालव्याच्या फाट्याच्या पाण्यावर त्याची वांगी, मिरच्या, कांदे व्हायचे आणि गाडीनं बारामतीच्या बाजाराला जायचे. बाजारात त्याचं पोतं हमाल लांबून ओळखत, ते त्याच्या शिवणीवरून. दाभणानं घातलेले सुतळीचे एकसारखे टाके आणि शेवटाला सुरगाठ. गाडी खड्ड्यात आपटली, पोतं वरून खाली पडलं, तरी तोंड उघडायचं नाही. पण आडतीवर हमालानं सुतळीचं टोक धरून एक हिसका दिला की सगळी शिवण सर्रकन निघून यायची. कापाकापी नाही, सुतळी वाया नाही. "शिवावं तर कुंडलिकनं," असं व्यापारी म्हणायचे, आणि कुंडलिक ते घरी येऊन सांगायचा. फुलाबाई म्हणायची, "पोतंच शिवलंय न्हवं? पैठणी तर न्हाय शिवली?"

पण चैत्र लागला की ह्या वाघाची पार शेळी व्हायची. गावच्या जत्रेत दरसाल 'राणी सुमनावती'चा खेळ व्हायचा. पेटी वाजवणारे अप्पा ते नाटक बसवायचे आणि राणी व्हायचा कुंडलिक. त्या काळी बायका कुठल्या स्टेजवर चढायला? गडी छातीनं रुंद, हातापायानं दणकट, पण आवाज असा गोड की अप्पा म्हणायचे, गळा देवानं चुकून ह्याला दिला. एकदा तालमी सुरू झाल्या की वांगी झाडावर पिवळी पडली तरी कुंडलिकला पत्ता नसायचा. तो गोठ्यात म्हशीपुढं उभा राहून रडायचा. "बाळा, पुन्यांदा कवा येशील रे माझ्या दारी? किती दिवाळ्या वाट बघू?" म्हैस रवंथ करायची आणि फुलाबाई चुलीपुढून ओरडायची, "अवो, त्या म्हशीला पाणी दावा आधी! मग रडा!"

आणि तो म्हणायचा, "बरं."

हे सगळं एकवेळ चाललं असतं. पण आदल्या सालच्या जत्रेत विपरीत घडलं. नाटकाचे कपडे, ज्याला सगळे ड्रेपरी म्हणत, ते बारामतीहून भाड्यानं यायचे. त्या वर्षी आलेलं राणीचं पोलकं कुणा काटकुळ्या नटाच्या मापाचं होतं. चौघांनी मिळून कुंडलिकला त्यात कोंबला. राजपुत्र वनवासाला निघाला, राणीनं दोन्ही हात वर करून देवाला हाक मारली, आणि पोलकं मानेपासून कमरेपर्यंत टर्रकन फाटलं. आतून कुंडलिकची केसाळ पाठ दिसली. ज्या ठिकाणी दरसाल बायका पदर डोळ्यांना लावायच्या, त्या ठिकाणी अख्खं गाव हसून हसून लोळलं. शेवटी पडदा पाडावा लागला.

त्या दिवसापासून कुंडलिकचं नाव पडलं 'फाटकी राणी'. त्याला त्याचं काही नव्हतं. तो हसणाऱ्यांबरोबर हसायचा. जाच झाला तो फुलाबाईला. फाट्यावर धुणं घेऊन गेली की शेजारची भामाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायची, "फुलाबाय, राणीसायबांस्नी ठिगळ लावलं का गं?" ज्या बाईच्या तोंडाला गाव भ्यायचं, तिला वर्षभर तोंड उघडायची सोय राहिली नाही. काय उत्तर देणार? फाटलं होतं ते खरंच होतं.

म्हणून नव्या सालच्या तालमींचं बोलावणं आलं तेव्हा तिनं कुंडलिकला दारातच अडवलं.

"ष्टेजवर चढायचं आसंल तर सोताच्या हातानं शिवल्याली चोळी घालून चढायचं. भाड्याचं चिरगूट न्हाय, माझं न्हाय, शेजारणीचं न्हाय. माझ्या मेल्या आईची आन हाय तुमास्नी!"

आईची आन फुलाबाई सहसा घालत नसे. तिची आई निरवांगी गावची. गेली त्याच्या आदल्या दिवाळीत तिनं लेकीला एक खण दिला होता, डाळिंबी रंगाचा, पिवळ्या काठाचा. "ह्याची चोळी शिव आन् ती घालून ये माझ्याकडं," म्हणाली होती. फुलाबाईनं खण ट्रंकेत ठेवला. कांदा काढणीला आला होता, मग लावणी आली, मग म्हैस व्याली. आज शिवू, उद्या शिवू करता करता माघात निरवांगीहून माणूस सांगावा घेऊन आला. फुलाबाई गेली ती अंगावरच्या कामाच्या चोळीवर गेली. तो खण तसाच ट्रंकेच्या तळाशी होता आणि त्याचं नाव तिनं परत कुणाजवळ काढलं नव्हतं.

तर अशा आईची आन घातल्यावर प्रश्नच मिटला, असं तिला वाटलं. दाभण धरणाऱ्या ह्या हातात सुई कसली टिकते? यंदा राणी दुसरा कुणीतरी होईल, गाव त्याला हसेल नाहीतर रडेल, आपली ब्याद टळली.

कुंडलिकनं थोडा विचार केला. "बरं," तो म्हणाला, आणि इंदापूरच्या बाजाराला जाऊन खण घेऊन आला.

आता खण म्हणजे काय, हे लहान पोरीलाही कळतं. एका बाईच्या एका चोळीपुरतं बेतलेलं ते कापड. कुंडलिकच्या छातीला ते कुठून पुरणार? दुकानदारानं माप विचारलं, तर ह्यानं लाजेकाजेस्तव खरं सांगितलं नाही. हात पसरून म्हणाला, "घरची जरा दणकट हाय." दुकानदारानं दोन खण घ्या म्हणून सांगितलं. हा म्हणाला, नको, शिवण बारीक घालू. पुढच्या बाजाराला फुलाबाई मिरच्या घेऊन इंदापूरला गेली, तेव्हा तो दुकानदार तिच्याकडं बघतच राहिला. "तुमीच का कळसच्या कुंडलिकच्या घरच्या? मग खण पुरंल की वो," म्हणाला. फुलाबाईनं घरी येईपर्यंत वाटेत सगळ्या शिव्या मनात रचून ठेवल्या आणि दारात पाऊल ठेवल्याबरोबर एकामागून एक काढल्या.

शिकवायला तर तिलाच लागणार होतं. स्वतःच्याच तोंडानं घातलेली अट, आता निस्तरा. दुपारची भाकरी झाली की ती त्याला ओसरीवर बसवायची, हातात जुन्या धोतराची चिंधी द्यायची आणि समोर बसून आपलं कपाळ बडवायची.

सुईत दोरा ओवायचा हेच एक लग्नकार्य होऊन बसलं. कुंडलिक दोरा थुंकीनं भिजवायचा, डोळा बारीक करायचा, जीभ बाहेर काढायचा, आणि दोरा सुईच्या शेजारून निघून जायचा. ओवला की सुई हातातून निसटायची. मग तो गुडघ्यावर रांगत शेणानं सारवलेल्या जमिनीवर तळहात फिरवायचा आणि सुई बरोबर तळहातालाच सापडायची. फुलाबाईनं त्याला बोटात घालायला पितळेचं अंगुस्तान दिलं, तर ते त्याच्या करंगळीच्या टोकावर टोपीसारखं बसलं.

"टाका बारीक घाला की! ही काय कांद्याची गोण हाय? दोन टाक्यांच्या मदनं उंदीर जाईल."

"बरं."

"बरं नगा म्हनू! बारीक घाला!"

पंधरवड्यात मात्र टाके सरळ यायला लागले. फुलाबाईला ते कबूल करणं जिवावर आलं, पण हाताला मूळची शिस्त होती. एकसारखा टाका, एकसारखं अंतर. धावदोरा जमला, काठाची तुरपाई जमली. एके दिवशी त्यानं शिवलेल्या दोन चिंध्या तिनं उन्हात धरून बघितल्या आणि तिच्या तोंडून "हं" एवढं निघून गेलं. कुंडलिक खुलला. तेवढ्यात तिला शेवटाला दोऱ्याचं एक लांबट टोक लोंबताना दिसलं. तिनं ते सहज धरून ओढलं. सर्रकन सगळी शिवण निघून आली. एका हातात एक चिंधी, दुसऱ्या हातात दुसरी, आणि मांडीवर दोरा.

फुलाबाईनं तो दोरा उचलून त्याच्या नाकापुढं धरला.

"ही काय सुरगाठ मारली व्हय तुमी?"

"मंग? शेवटाला गाठ मार म्हनलीस, मारली की."

"सुरगाठ! चोळीला सुरगाठ! चोळी का बारामतीच्या आडतीवर सोडायची हाय? हमाल येनार हाय का वडायला?"

"हाताला सवय हाय गं," तो ओशाळून म्हणाला. "शिवल्यालं कुनाला तरी सोडावं लागतंच न्हवं."

"हे न्हाय सोडायचं! हे कवाच न्हाय सोडायचं! दुहेरी गाठ मारायची, दातानं दोरा तोडायचा, आन् इसरून जायचं. परत म्हना."

"दुहेरी गाठ. दातानं दोरा. इसरून जायचं."

"आन् ध्यानात ठेवा. पुन्यांदा गाव हासलं, तर मला फाट्यावर पाणी भराया तोंड ऱ्हायचं न्हाय. तुमाला त्याची गंमत वाटती. माझ्या जिवाचं पाणी हुतंय."

कुंडलिकनं मान हलवली. त्या वेळी तरी तो "बरं" म्हणाला नाही.

त्यातच अप्पांनी आणखी एक काडी टाकली. आदल्या साली गॅसबत्ती भडकून पडद्याची कड जळाली होती, म्हणून यंदा खेळ दिवसा करायचा ठरला, उन्हं कलल्यावर. रात्री बत्तीच्या उजेडात पाचव्या रांगेपलीकडं कुणाला काही दिसत नसे. आता दिवसाढवळ्या टाका अन् टाका दिसणार होता. फुलाबाईनं अप्पांना त्यांच्या दारात जाऊन सुनावलं. अप्पा पेटीचा भाता पुसत म्हणाले, "फुलाबाई, कुंडलिकला जमत नसंल तर सांगा. राणीच्या कामाला दुसरं माणूस बघून ठेवलंय म्या." हे तिनं घरी सांगितलं नाही. का नाही सांगितलं, कोण जाणे. सांगितलं असतं तर सुटली असती.

जत्रा तोंडावर आली तसा कुंडलिकनं खरा खण कापायला घेतला. फुलाबाई मिरच्या तोडायला गेली होती. तिनं बजावलं होतं की मी आल्याशिवाय कात्री लावायची नाही. ती आली तेव्हा कात्री लावून झाली होती आणि दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या झाल्या होत्या. कुंडलिक एक बाही उजव्या हाताला लावून बघायचा, उलटी करायचा, पुन्हा लावायचा. उलटी केली की काठ आत जायचा. कापड संपलं होतं. पाठीचा तुकडा तर एवढा निघाला होता की तो एखाद्या पोरीला झाला असता.

"मरा आता," फुलाबाई म्हणाली, आणि मिरच्यांचं पाटीभर ओझं तिथंच आदळून मळ्यात परत गेली. रागाच्या भरात निम्म्या कच्च्या मिरच्या तोडल्या.

दुसऱ्या दिवशी गाडीवर बसून ती बाजाराला गेली. उतरत्या उन्हात घरी आली, तर कुंडलिक ओसरीवर पाय पसरून शिवत होता आणि तोंडानं गाणं चाललं होतं. ट्रंकेचं झाकण उघडं होतं. त्याच्या मांडीवर डाळिंबी रंगाची पाठ होती, डाळिंबी रंगाची उजवी बाही होती, आणि जमिनीवर पिवळ्या काठाच्या कातरणी पडल्या होत्या.

"जमलं बग," तो म्हणाला. "ट्रंकंत एक पडीक खण गावला. दोन रंगाची चोळी दिसती, पर राणी हाय म्हनल्यावर चालतंय की."

फुलाबाई खाली बसली. तिनं त्या कातरणी एकेक करून वेचल्या. त्यातला एक तुकडा तिनं नाकाशी धरला. त्याला ट्रंकेतल्या डांबरगोळीचा वास येत होता, दुसरा कसलाच नाही.

"अगं, काय झालं? तुला पायजे व्हता का? नवा आनून देतो."

तिनं त्याला एक शब्द सांगितला नाही. कुणाचा खण, कधीचा खण, काही नाही. शिव्या येतील म्हणून तो वाट बघत बसला, पण शिव्या आल्या नाहीत. त्या दिवसापासून फुलाबाईनं अबोला धरला. ताट पुढं सरकवायची, कंदील विझवायची, पण बोलायची नाही. त्याच्या शिवणीकडं तर तिनं ढुंकून बघितलं नाही. आणि घोटाळा झाला तो इथंच. तिनं एकदा जरी ते कापड उलटं करून बघितलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं.

जत्रेच्या दिवशी ती जाणारच नव्हती. भामाबाई बोलवायला आली तेव्हा तिनं डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. भामाबाई म्हणाली, "दुखनारच, बाई. राणीच्या सासरचं मानूस तू." मग फुलाबाईनं डोक्यावर पदर घेतला आणि निघाली. पण खरं सांगायचं तर भामाबाईसाठी ती गेली नाही. आईच्या खणाची चोळी झालेली तिला एकदा बघायची होती, मग ती कुणाच्या का अंगावर असेना.

देवळापुढं दोन बैलगाड्या जोडून, वर फळ्या टाकून स्टेज केलं होतं. बायका उजव्या अंगाला बसल्या होत्या. अप्पांनी पेटीवर सूर धरला आणि राणी सुमनावती आली. हिरवं नऊवारी, नाकात नथ, आणि अंगात ती दुरंगी चोळी. चोळी बसली होती. खरंच बसली होती. कुठं ताण नाही, कुठं झोळ नाही. बायकांत कुणीतरी म्हणालं, "अगं बया, ही आपल्या हातानं शिवलीया म्हनं!" फुलाबाईनं मान उंच करून बघितलं. डाळिंबी रंगावर उन्हं पडली होती. आईनं रंग निवडला होता चांगला.

मग राणी वळली. उजव्या काखेमागं, बाही जिथं पाठीला जोडली होती, तिथून दोऱ्याचं एक टोक लोंबत होतं.

फुलाबाईला बाकीचं काही दिसेना. ते टोक, त्याची ती लांबी, आणि त्याच्या मुळाशी असलेला तो फासा ती बसल्या जागेवरून ओळखत होती. तिनं देवळाकडं बघून मनातल्या मनात म्हटलं, देवा, ह्या माणसाला मी काय करू? दुहेरी गाठ, दातानं दोरा, विसरून जायचं. तेवढं शेवटचं बरोबर लक्षात ठेवलं मेल्यानं!

वनवासाचा प्रवेश आला. राजपुत्र झाला होता जोतीराम, तालमीतला पैलवान. तो आईच्या पाया पडला, उठला आणि त्यानं तिला कडकडून मिठी मारली. बाजूला होताना त्याच्या लाकडी तलवारीची मूठ त्या दोऱ्यात अडकली. जोतीरामला कुठलं कळतंय? तो ऐटीत एक पाऊल मागं सरला. चार टाके निघाले. कुंडलिकला अंगावर गार वारा लागला असणार, त्यानं झटकन कोपर अंगाशी दाबलं. जोतीराम आणखी मागं सरला. आणखी टाके निघाले, फट दिसू लागली. आता राणीनं दोन्ही हात वर करून देवाला हाक मारायची होती. अप्पांनी पेटीवर तो सूर दिला. राणी कोपर दाबून उभी. अप्पांनी पुन्हा सूर दिला. राणीचं तोंड उघडं आणि शब्द नाही. मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, "फाटकी..." आणि हसण्याची पहिली खसखस पिकली.

फुलाबाई उठली. आपण उठलोय हे तिला चालायला लागल्यावर कळलं. भामाबाईनं पदर धरला, तो तिनं हिसकून घेतला. गाडीच्या चाकावर पाय देऊन ती फळ्यांवर चढली. गावाच्या स्टेजवर आजवर एक बाई चढली नव्हती. हसणारे माना उंचावून बघायला लागले. तिनं पदर कपाळाखाली ओढला, दासी उभी राहते तशी राणीच्या मागं जाऊन उभी राहिली आणि उसवलेली ती फट मुठीत घट्ट आवळून धरली.

कुंडलिक दचकला. "कोन हाय?"

"तुमी रडा," फुलाबाई दातांतून म्हणाली. कित्येक दिवसांनी ती त्याच्याशी बोलली. "म्या धरलंय."

राणीनं हात वर केले.

"बाळा, पुन्यांदा कवा येशील रे माझ्या दारी? किती दिवाळ्या वाट बघू?"

हे शब्द फुलाबाईनं गोठ्यातून शंभरदा ऐकले होते आणि शंभरदा त्यांच्यावर ओरडली होती. पण तेव्हा ती चुलीपुढं होती. आता तिच्या मुठीत आईचा खण होता आणि मुठीखाली ती पाठ रडण्यानं हलत होती. निरवांगीच्या घराच्या उंबऱ्यावर म्हातारी बसलेली तिला दिसली, हात कपाळाला लावून रस्त्याकडं बघणारी. घालून ये म्हणाली होती. कांदा काय, पुन्हाही निघाला असता. फुलाबाईच्या डोळ्यांना धार लागली आणि ती पुसायला हात मोकळा नव्हता. राणी रडत होती ते नाटकातलं होतं, पण मागची दासी रडत होती ते खरं होतं, हे बायकांना लांबूनही कळलं. आधी त्यांनी पदर डोळ्यांना लावले. मग पुरुषही खाली बघायला लागले. भामाबाई तर मोठ्यानं हुंदके देत होती.

पडदा पडला. फुलाबाईनं मूठ सोडली नाही.

"हालू नगा," ती म्हणाली. "अप्पा, सुई-दोरा हाय का कुनाकडं?"

सुई मिळाली. पुढच्या प्रवेशाला वेळ नव्हता, चोळी काढायला सवड नव्हती, आणि अंगावरच्या कपड्याला टाका घालायचा म्हणजे अपशकुन. त्याला उपाय एकच: ज्याच्या अंगावर शिवायचं त्यानं तोंडात काडी धरायची आणि शिवून होईस्तवर बोलायचं नाही. फुलाबाईनं गाडीतल्या कडब्याची एक काडी मोडून राणीच्या दातांत दिली आणि टाके घालायला सुरुवात केली. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस "बरं" म्हणू शकत नव्हता. असली संधी ती सोडते होय?

"सुरगाठ मारली! इतकं शिकवून सुरगाठ मारली! डोस्क्यात कांदं भरल्यात का? आन् खण कापायच्या आदी इचारायला जीभ झडली व्हती? पडीक म्हनं! पडीक न्हवता त्यो. माझ्या आईनं दिला व्हता. शिवून घालून ये म्हनली व्हती, शेवटच्या दिवाळीला. म्या न्हाय शिवला. म्या न्हाय गेले." सुई थांबली. "तिची लेक न्हाय गेली घालून. आता तुमी घातलीया, तर नीट घाला."

कुंडलिक काडी चावत उभा होता. त्याच्या डोळ्यांतलं पाणी गालावरच्या रंगातून खाली ओघळत होतं आणि नथीवर थांबत होतं. त्याला वळून बघायचं होतं, पण ती वळू देत नव्हती. अप्पांनी पडद्यापलीकडून घंटा वाजवली.

फुलाबाईनं दोरा दातानं तोडला आणि त्याच्या तोंडातली काडी आपल्या हातानं काढली. आता हा काहीतरी बोलेल, असं तिला वाटलं. इतक्या वर्षांत एकदा तरी बोलेल.

कुंडलिकनं नाक ओढलं. दोन्ही हातांनी तिची टाके घालणारी मूठ धरली आणि अगदी हळू, काळजीनं विचारलं, "गाठ दुहेरी मारलीस न्हवं?"

फुलाबाईनं कपाळाला हात लावला. मग हसू फुटलं तिला, रडता रडताच, आणि तिनं त्याला दोन्ही हातांनी पडद्याबाहेर ढकलून दिलं.